ते कच्चे व्हिडिओ परत आणा

(बार्शीच्या एका वडिलांचं पत्र. मुलगी अकरावी विज्ञानला आहे. दोन वर्षांपासून फोनवर चित्रं, फोटो आणि छोटी ॲनिमेशन करते. वडिलांनी पुण्यातल्या दीड लाखाच्या कोर्सचे आगाऊ पैसे भरले, रोज एक रील टाकायचा नियम घातला आणि पोर्टफोलिओ (निवडक कामांचा संग्रह) चांगला दिसावा म्हणून जुनी ‘कच्ची’ कामं डिलीट करायला लावली. महिना झाला, मुलीनं काहीच केलेलं नाही. ‘तिचा उत्साह परत कसा आणू?’ असं ते विचारतात.)

नमस्कार,

मुलीची आवड तुम्ही मनावर घेतलीत, त्यासाठी पैसे काढलेत. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण कामं डिलीट करायला लावलीत, ते वाचून फार वाईट वाटलं. सोळा वर्षांच्या मुलीला त्यातून एवढंच कळलं, की आजवर केलं ते लाज वाटण्यासारखं होतं. त्यावर रोजच्या रीलचा तगादा. ती आळशी झालेली नाही, धास्तावली आहे.

तुम्हीच लिहिलंय, की तिनं खिडकीत फोन ठेवून जास्वंदीची कळी उमलताना टिपली होती, पण ‘व्हिडिओ सारखा लुकलुकत होता, म्हणून काढून टाकला.’ अहो, तिथंच तर शिकण्यासारखं होतं! उजेड बदलला की फोन आपोआप एक्स्पोजर, म्हणजे आत किती उजेड घ्यायचा ते, बदलतो, म्हणून फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) कमी-जास्त उजळ येतात. एक्स्पोजर लॉक केलं, फोन स्टँडवर घट्ट बसवला की लुकलुकणं बरंच कमी होतं. हे तिचं तिला सापडलं असतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून त्याचं रोप वाढताना दाखवलं. सिनेमासाठी भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला तो ते पाहून. तुमची मुलगी नकळत त्याच वाटेनं चालली होती.

आता कोर्सबद्दल. सॉफ्टवेअर आलं म्हणजे ॲनिमेशन आलं, हा समज पालकांमध्ये घट्ट बसलाय आणि क्लासवाले तो मोडत नाहीत. सॉफ्टवेअर बदलत राहतं. उसळणारा चेंडू वर पोचताना मंदावतो, म्हणून तिथली चित्रं जवळजवळ येतात आणि खाली पडताना लांब लांब जातात, हे बदलत नाही. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, पण एकेक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर बारा चित्रांत भागतं. हे वहीच्या कोपऱ्यांवर चित्रं काढून पानं फडफडवूनही शिकता येतं. आणि सॉफ्टवेअरच हवं असेल, तर क्रिटा आणि ब्लेंडर दोन्ही फुकट आहेत. तिला आज बाजारातली माणसं, बसलेली म्हैस, आजीचे हात काढायची सवय हवी. दीड लाखाची गरज नाही.

प्रवेशाचं थोडक्यात: बारावीनंतर बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा, डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटीसारख्या संस्थांची यूसीड आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट. यूसीडला पोर्टफोलिओ मागत नाहीत, चित्रकलेचा प्रश्न मात्र असतो. म्हणजे ज्या पोर्टफोलिओसाठी एवढी साफसफाई केलीत, त्याची तिथं गरजच नव्हती. आणि पुढे कुठं तो दाखवायची वेळ आलीच, तर फसलेला प्रयोग आणि त्यानंतर सुधारलेला प्रयोग शेजारी ठेवले, तर ती विचार कसा करते ते दिसेल.

उत्साह परत आणायचं काम तुमच्याकडे नाही, असं मी स्पष्टच सांगतो. तुमच्याकडे तीन कामं आहेत. फोनच्या ट्रॅशमध्ये जुन्या फाइल अजून आहेत का ते आजच तिच्यासोबत बघा. काही ॲप त्या थोडे दिवस ठेवतात. रीलचा नियम रद्द केला, हे तिला तोंडानं सांगा. आणि सहा महिने तिच्या चित्रांवर ‘छान’सुद्धा म्हणू नका, तिनं दाखवलं तर शांतपणे बघा.

क्लासचे पैसे परत मागा. नाही मिळाले तरी, पैसे भरलेत म्हणून तिला पाठवू नका. आणि पुढचं पत्र तिला लिहायचं असेल तर तिनंच लिहावं, तुम्ही वाचून न बघता.