अकरा बाटल्या

गेल्या काही वर्षांत माझ्या नागपुरातील समुपदेशन कक्षात एक तक्रार इतक्या वेळा ऐकू आली आहे की समोरच्या स्त्रीचे पहिले वाक्य पूर्ण होण्याआधीच पुढचे वाक्य मला ठाऊक असते. पगार चांगला आहे, पण मेकअपच्या सामानावर त्यातला किती जातो ते कळत नाही. कपाटात जागा उरलेली नाही, तरी नवीन घेतल्याशिवाय राहवत नाही आणि जुने टाकवत नाही. सांगणाऱ्या कधी महाविद्यालयातील मुली असतात, कधी मिहानमधल्या कंपन्यांत काम करणाऱ्या तरुणी, तर कधी पन्नाशी ओलांडलेल्या गृहिणी. त्यांतील बहुतेकींनी माझ्याकडे येण्यापूर्वीच स्वतःला ‘उधळी’ हे विशेषण लावून घेतलेले असते. मला हे विशेषण मान्य नाही. ते का मान्य नाही हे सांगण्यासाठी एका स्त्रीची हकिकत, तिच्या संमतीने आणि तिची ओळख पटणार नाही अशा रीतीने तपशील बदलून, येथे मांडते.

तिला आपण रेवती म्हणू. वय चौतीस, नोकरी खासगी कंपनीत, घरी नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायला काढला, तेव्हा कपाटे रिकामी करताना तिचे सामान एकेक करून दिवाणखान्यात आले आणि पाहता पाहता अख्खा दिवाण भरला. नवरा चिडला, पण तिला लागले ते सासूबाईंचे बोलणे. त्या रागावल्या नव्हत्या, नुसते म्हणाल्या होत्या, “एवढं कोणाला लागते ग, बाई?”

“मॅडम, मला तुम्ही थांबवा,” रेवती पहिल्या भेटीत म्हणाली. “कार्ड काढून घ्या म्हणाल तर नवऱ्याकडे देते. सगळं सामान उद्या फेकून देते.”

“आत्ता काहीच फेकू नका,” मी म्हणाले. “आधी मोजून आणा.”

रागाच्या भरात रिकामे केलेले कपाट दोन महिन्यांत पुन्हा भरते, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे. वस्तू गेल्या तरी त्या आणणारा विचार जागेवरच असतो. म्हणून मी आधी मोजायला सांगते, आणि मोजताना स्वतःला बोल लावायचा नाही, ही अट घालते.

रेवतीने दोन रविवार बसून यादी केली. एकूण १४३ वस्तू, त्यांत ४७ लिपस्टिक, काजळ आणि आयलायनर मिळून १६, फाउंडेशनच्या बाटल्या ११. साठाहून अधिक वस्तूंचे सील तुटलेलेही नव्हते. महिन्याला दोन-अडीच हजार जात असतील, असा तिचा अंदाज होता. बँकेचे बारा महिन्यांचे खाते उघडून बेरीज केली तेव्हा ७८,४०० रुपये निघाले, म्हणजे महिन्याला साधारण साडेसहा हजार. मोबाइलवरून चुटकीसरशी होणाऱ्या व्यवहारांत पैसे हातातून गेल्याचे जाणवत नाही, त्यामुळे असा चुकीचा अंदाज जवळपास प्रत्येकीचाच असतो. हा आकडा कळला की अनेकींचा खर्च काही आठवडे आपोआप घटतो. रेवतीचाही घटला आणि चौथ्या आठवड्यात पूर्वपदावर आला.

त्या काळात मीही तिला काटकसरीच्या युक्त्या सांगण्यात दोन भेटी घालवल्या, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. खात्यातील तारखा मात्र मला स्वस्थ बसू देत नव्हत्या. मोठी खरेदी पगाराच्या दिवशी होत नव्हती आणि सेल लागला म्हणूनही होत नव्हती. मी कॅलेंडर पुढे ठेवून एकेका तारखेपुढे त्या आठवड्यात काय होते ते तिला लिहायला लावले. चुलतभावाचे साक्षगंध, बहिणीच्या मुलाचे बारसे, माहेरचे महालक्ष्मीचे जेवण. प्रत्येक मोठ्या खरेदीच्या पुढे चार-पाच दिवसांवर माहेरचा एखादा कार्यक्रम होता. सासरच्या कार्यक्रमांपूर्वी तिने जवळजवळ काहीच घेतलेले नव्हते.

“तिकडे कोण येतं?” मी विचारले.

“सगळेच येतात,” ती म्हणाली आणि तिने विषय बदलला.

पुढच्या भेटीला मी तिला फक्त फाउंडेशनच्या बाटल्या आणायला सांगितल्या. लिपस्टिकचे रंग माणूस हौसेने बदलतो, पण फाउंडेशन आपल्याच त्वचेच्या रंगाचे असावे लागते; मग एकाच चेहऱ्याला अकरा कशाला, हा माझा साधा प्रश्न होता. सकाळची वेळ होती आणि खिडकीतून चांगला उजेड येत होता. तिने बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या, मी सुचवल्यावर कुर्त्याची बाही कोपरापर्यंत सारली आणि हाताच्या आतल्या बाजूला प्रत्येक बाटलीतली एकेक बारीक रेघ ओढली.

अकरा रेघा ओढून झाल्यावर आम्ही दोघी त्या हाताकडे पाहत राहिलो. तिचा वर्ण सावळा आहे, तांबूस झाक असलेला, तकतकीत. एकही रेघ त्या वर्णात मिसळली नव्हती. काही गुलाबीसर, काही पिवळसर, पण सगळ्या तिच्या त्वचेहून दोन-तीन छटांनी फिकट होत्या, आणि उजेडात तो हात खडूने रेघोट्या मारलेल्या पाटीसारखा दिसत होता.

“हे मी आजवर बघितलंच नव्हतं,” ती हळूच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “यातलं एकही माझं नाही, मॅडम.”

“मग कोणाचं आहे?”

सासूबाईंनी दिवाणाजवळ उभे राहून विचारलेला प्रश्न मी वेगळ्या शब्दांत विचारला आहे, हे मला बोलून झाल्यावर लक्षात आले. तो प्रश्न टोमणा म्हणून विचारला गेला होता, पण अत्यंत योग्य होता.

रेवतीने मोबाइलमधला एक फोटो काढला. तिच्याच साक्षगंधाचा, दहा वर्षांपूर्वीचा. पार्लरमध्ये तिचा चेहरा इतका उजळ केला होता की तो ओळखू येत नव्हता, आणि मांडीवर जोडून ठेवलेले हात मात्र तिचे स्वतःचे होते. त्या दिवशी तिच्या आत्याने चारचौघांत तिची हनुवटी धरून म्हटले होते, “आज कशी छान उजळलीस! अशीच राहत जा.” लहानपणापासून बहिणीशी तुलना करत आलेल्या आत्याच्या तोंडून तिने ऐकलेले ते पहिले कौतुक होते. “त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणी सुंदर म्हटलं,” रेवती म्हणाली आणि मग बराच वेळ रडली.

मी या क्षेत्रात बावीस वर्षे काम करते आहे आणि या एका भेटीने मला जे शिकवले ते आजही माझ्या उपयोगी पडते. माणूस कुठे अडला आहे हे शोधताना आपण सवयीने त्याची जखम शोधतो, म्हणजे कोणी काय वाईट बोलले, कोणी अपमान केला. रेवतीला अपमान आठवत होते आणि त्यांच्याशी तिने केव्हाच जुळवून घेतले होते. ती अडली होती कौतुकापाशी. अट घालून केलेले कौतुक अपमानापेक्षा खोल रुतते, कारण ते परत मिळवावेसे वाटते. माहेरच्या प्रत्येक कार्यक्रमापूर्वी ती साक्षगंधाच्या दिवशीची ती मुलगी विकत आणू पाहत होती आणि ती कुठल्याच बाटलीत मिळत नव्हती.

यात तिची एकटीची चूक काढणे अन्यायाचे होईल. विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या छापला गेला. ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम १९७५ मध्ये बाजारात आले आणि त्याच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी गेला. नाव बदलले तरी आत्याबाई एका दिवसात बदलत नाहीत.

मी ज्या विचारपद्धतीत घडले ती मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास अमेरिकेत मांडली. घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण स्वतःला जे सांगतो ते आपल्याला अधिक छळते, हे तिचे मुख्य म्हणणे, आणि त्यातही आपण इच्छेची सक्ती करतो तेव्हा त्रास सुरू होतो. मराठीत ही सक्ती एका अक्षरात मावते. रेवतीच्या मनातील वाक्य आम्ही कागदावर लिहिले, तेव्हा ते असे होते : ‘आत्यासमोर मी सुंदर दिसायलाच हवे, नाहीतर मी कोणीच नाही.’ मी तिला ‘दिसायलाच’मधला ‘च’ खोडायला सांगितला. तो खोडल्यावर ‘नाहीतर’च्या पुढचा भाग टिकत नाही, हे तिचे तिनेच पाहिले. ‘आत्याला मी सुंदर वाटले तर मला आवडेल, नाही वाटले तर वाईट वाटेल आणि मी जेवून घरी येईन.’ हे दुसरे वाक्य तिने स्वतः रचले. ‘जेवून घरी येईन’ हे शब्द पूर्णपणे तिचे आहेत आणि मला ते फार आवडले.

यानंतर आवरणे सोपे झाले, तरी आपोआप झाले नाही. महागाची वस्तू हातात घेतली की तिला दिलेली किंमत आठवे. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले होते. ज्यांच्याकडे मग होते त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत, मग नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. आपली झाली की वस्तू मोलाची वाटते. म्हणून मी रेवतीला किती पैसे मोजले ते विचारणे बंद करायला लावले आणि त्याऐवजी हा प्रश्न दिला : ‘हीच बाटली आज दुकानात दिसली तर मी किती देईन?’ अकरांपैकी नऊ बाटल्यांचे उत्तर शून्य आले. बाटलीचे पैसे ती विकत घेतली तेव्हाच गेले होते. कपाटात ठेवून ते परत येणार नव्हते.

ज्यांना हे काम घरी करायचे आहे त्यांनी सुरुवात मुदतीपासून करावी, कारण तेथे मनाची घालमेल कमी असते. वेष्टनावरील शेवटची तारीख पाहावीच, शिवाय उघड्या झाकणाच्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा असेल तर उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरायची, असा त्याचा अर्थ आहे. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत बदलावा. डोळ्यांच्या बाबतीत हयगय करू नये. लिपस्टिक साधारण वर्ष-दोन वर्षे टिकते, कोरडी पावडर त्याहून अधिक. पण हे झाले थंड जागी ठेवलेल्या सामानाचे. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात लिपस्टिकला घाम फुटतो. वास बदललेले, तेल आणि रंग वेगळे झालेले काहीही तारखेकडे न पाहता काढावे. आणि एक विनंती कळकळीने करते. मुदत संपलेले किंवा ओठांना, डोळ्यांना लावलेले सामान घरकामाला येणाऱ्या मावशींना किंवा त्यांच्या मुलींना देऊ नये. जे आपल्या चेहऱ्याला चालत नाही ते त्यांच्याही चेहऱ्याला चालत नाही. सील न तुटलेले आणि मुदतीतले मात्र आनंदाने द्यावे.

खरेदी पूर्ण बंद करण्याची शपथ मी कोणालाच घालत नाही, कारण शपथेतही तोच ‘च’ बसलेला असतो. रेवतीने दोनच गोष्टी ठरवल्या. एक प्रकार संपल्यावर त्याच प्रकारातले नवीन घ्यायचे, आणि रात्री दहानंतर काही आवडले तर ते वहीत लिहून आठवडाभर थांबायचे. त्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे ‘कोणासाठी?’ असा रकाना तिने स्वतःहून आखला.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. खर्चासाठी कर्ज काढले जात असेल, किंवा झोप कमी, बोलणे भरभर आणि उत्साह अकारण ओसंडणारा अशा दिवसांतच अफाट खरेदी होत असेल, तर वही पुरणार नाही, मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. ‘मेडिकल’च्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार विभागात दाखवता येते आणि शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

रेवतीच्या आणि माझ्या पाच महिन्यांत नऊ भेटी झाल्या. मध्ये लग्नसराईत तिने एका रात्रीत तीन लिपस्टिक मागवल्या, दुसऱ्या दिवशी मला ते सांगितले आणि दोन परत पाठवल्या. महिन्याचा खर्च आता हजाराच्या आत असतो. त्या नऊ बाटल्या गेल्या. दोन तिने ठेवल्या आणि मी कारण विचारले नाही.

शेवटच्या भेटीला ती एप्रिलच्या उन्हात स्कूटीवरून आली, तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा सोडला आणि पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. गोकुळपेठेतल्या दुकानात विक्रेत्या मुलीने तिला नेहमीप्रमाणे एक छटा उजळ दाखवली होती. रेवतीने ती बाजूला सारली, गडद छटांची पेटी मागितली, जबड्याच्या कडेला रेघ ओढली आणि दुकानातल्या दिव्यांवर विसंबून न राहता आरसा घेऊन फुटपाथवर उन्हात आली. “रेघ दिसतच नव्हती, मॅडम,” ती म्हणाली. “दोनदा पुसून पुन्हा लावून पाहिली.”