क्लास कुणाला लावायचा?

पत्र : "आमची मुलगी चार वर्षं आठ महिन्यांची आहे. इंग्रजी माध्यमात, मोठ्या गटात जाते. संध्याकाळी फोनिक्सचा (अक्षरांचे आवाज जोडून वाचण्याचा) क्लास आहे, वर्षाची फी 14 हजार. आता तिथल्याच मॅडमनी स्पोकन इंग्लिशची बॅच सुचवली आहे, आठवड्याला तीन तास. पाया आत्ताच पक्का झाला तर पुढे आयआयटी किंवा यूपीएससीला अडचण येणार नाही, असं वाटतं. घरी इंग्रजी वातावरण राहावं म्हणून आम्ही मराठी बंद केलं आहे. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिला सांगितलं आहे, इंग्रजी जमत नसेल तर निदान मराठीत बोलू नको. मुलगी हल्ली क्लासची वेळ झाली की पलंगाखाली जाऊन बसते. घरातही कमी बोलते. मॅडम म्हणतात, सुरुवातीला असं होतं. मी स्वतः बीकॉम, पतसंस्थेत लिपिक. 2009 साली पुण्यात मुलाखतीला गेलो होतो. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' एवढंच विचारलं आणि तोंडातून एक वाक्य फुटलं नाही. तिच्यावर ती वेळ येऊ नये. (मी सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. परीक्षेचा फॉर्म दोनदा भरला, पण क्लासच्या ने-आणीत अभ्यास होत नाही. तो विषय वेगळा.) स्पोकनचा क्लास आत्ता लावावा की पहिलीपर्यंत थांबावं?"
– एक वडील, बार्शी

नमस्कार,

लावू नका. आणि जो लावलाय तोही बंद करा, फी परत मिळो न मिळो. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथंच संपलं.

पत्र मात्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा तुमच्या आईबद्दलच्या वाक्यापाशी अडले. "इंग्रजी जमत नसेल तर निदान मराठीत बोलू नको." तुम्ही हे दोन ओळींत उरकलंत, जणू घरातला एक पंखा बंद केला. आई त्यावर काय म्हणाल्या ते पत्रात नाही. बहुतेक काहीच म्हणाल्या नसतील. लेक शिकलेला आहे, त्याला कळत असेल, असं म्हणून गप्प बसल्या असतील. तुमच्या घरात आज दोन माणसं गप्प झाली आहेत, एक सत्तरीच्या आसपासची आणि एक पाच वर्षांचीही नसलेली. दोघी आत्तापर्यंत एकमेकींशी बोलत होत्या.

बार्शीकडचं घर म्हणजे ज्वारी आलीच. आजी सूप घेऊन बसते तेव्हा नात शेजारी बसते, हात घालते, दोन मुठी सांडते, ओरडा खाते. या तासाभरात तिच्या कानावर काय पडतं? चाळणं, पाखडणं, निवडणं, वेचणं. चार वेगळ्या क्रिया, चार वेगळे शब्द. पाखडताना हलकं उडून जातं, चाळताना बारीक खाली पडतं, निवडताना खडा डोळ्यांनी शोधावा लागतो. हे तिला कुणी समजावत नाही, हातानं कळतं. पुढे सीबीएसईच्या सहावीच्या विज्ञानात मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याचा भाग येतो, त्यात नेमकं हेच असतं : वेचणं, पाखडणं, चाळणं. आजीजवळ बसलेल्या मुलीला तिथं फक्त तीन इंग्रजी शब्द नवे असतात. आजीपासून तोडलेल्या मुलीला शब्दही नवे आणि त्यामागची गोष्टही नवी. मग ती पाठ करते. टोरांटोचे भाषातज्ज्ञ जिम कमिन्स कित्येक वर्षं हेच मांडत आले आहेत, की एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत शिकताना कामाला येते. तुम्ही ज्याला पाया म्हणता तो तुमच्या आईच्या सुपात होता.

आणि हे सगळं कुठल्या राज्यात चाललंय? पहिलीपासून हिंदी नको म्हणून अख्खा महाराष्ट्र तापला होता आणि सरकारला 29 जून 2025 ला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. एवढ्याशा पोरांवर तिसऱ्या भाषेचं ओझं कशाला, असं तेव्हा आपणच म्हणत होतो. पहिली भाषा घरातून हद्दपार करायला मात्र आपल्याला शासन निर्णयही लागत नाही.

आता त्या समजुतीबद्दल, जी तुमच्या मॅडमनीही सांगितली असणार, कारण प्रत्येक डेमोत ती सांगतात : लहान मुलं स्पंजासारखी असतात, भाषा आपोआप शोषून घेतात, वय गेलं की संपलं. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. मूल भाषा शोषतं, पण त्यासाठी आधी त्याला त्या भाषेत बुडवावं लागतं. जेवताना, भांडताना, न्हाताना, रुसताना तीच भाषा, आणि ती बोलणारी जिवंत माणसं. आता हिशेब करा, तुम्ही पतसंस्थेतले आहात. आठवड्याला तीन तास, वर्षाचे चाळीस आठवडे, म्हणजे 120 तास. मूल दिवसाला बारा तास जागं असतं. तुमचा अख्ख्या वर्षाचा क्लास म्हणजे तिच्या आयुष्यातले दहा दिवस. दहा दिवसांत स्पंज ओलासुद्धा होत नाही. शाळेत मोजक्या तासांत शिकायच्या भाषेचं गणित तर उलटंच निघालं आहे. स्पेनमध्ये अभ्यासक्रम बदलला तेव्हा बार्सिलोनाच्या संशोधकांना आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली अशी दोन्ही प्रकारची मुलं मिळाली. तेवढ्याच तासांनंतर तपासलं तर उशिरा सुरू केलेली मुलं पुढे होती. कारण साधं आहे, मोठ्या मुलाला शिकायचं कसं हे कळतं. आणि 'वय गेलं' म्हणाल तर सुमारे पावणेसात लाख लोकांची चाचणी घेऊन 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्याकरण सहज आत्मसात करण्याची क्षमता सतराव्या वर्षापर्यंत टिकते असं दिसलं. तुमच्या लेकीकडे अजून बारा वर्षं आहेत. घाई क्लासला आहे, कारण बॅच भरायची आहे.

फोनिक्सबद्दल एवढंच. हे तंत्र मुळात ज्या मुलांना इंग्रजी बोलता येतं त्यांना ते वाचायला शिकवण्यासाठी आहे. मूल आवाज जोडून 'मॅट' म्हणतं आणि त्याला चटई आठवते, तेव्हा ते वाचन होतं. तुमची लेक 'मॅट' म्हणते आणि तिला काहीच आठवत नाही. पाहुण्यांसमोर छान दिसतं, इतकंच.

पलंगाखालच्या गोष्टीला मात्र 'सुरुवातीला असं होतं' म्हणून सोडू नका. नव्या भाषेत मूल काही काळ गप्प राहतं, हे खरं. पण तुम्ही लिहिता, ती घरातही कमी बोलते. क्लास बंद करा, आईंवरची बंदी उठवा आणि लेकीला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कान तपासून घ्या. गरज वाटली तर ते वाचा-श्रवण तज्ज्ञांकडे पाठवतील. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. कानाची तपासणी साधी असते आणि एक शंका मिटते.

तुमचा आणखी एक समज असणार, की आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं म्हणून घात झाला. महाराष्ट्रात रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तुम्ही तोवर पुढच्या वर्गात गेला होतात. त्या पहिल्या तुकडीची मुलं आता तिशीत आहेत आणि सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. दहा वर्षं इंग्रजी शिकलेली, निबंध पाठ केलेली. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला तीही तुमच्यासारखीच अडकतात. इंग्रजी माध्यमातली अडकतात, तीही थोडी नाहीत. माझ्यासमोर ती गप्प होतात तेव्हा मी म्हणते, बरं, मराठीत सांग. तरी सांगता येत नाही. स्वतःबद्दल चार वाक्यं सलग बोलण्याची संधीच त्यांना कुणी दिलेली नसते. घरी विचारतात ते फक्त मार्क.

परीक्षांचं म्हणाल तर यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, वैद्यकीयची 'नीट' आणि अभियांत्रिकीची जेईई मेन यांचे पेपर मराठीत मिळतात, आयआयटीसाठीची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड इंग्रजी किंवा हिंदीत असते. मोठ्या गटातल्या मुलीसाठी ही ओळ लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

मी इंग्रजीच्या विरोधात नाही. सावित्रीबाई फुल्यांनी इंग्रजीला माउली म्हटलं, ते ज्यांना शिक्षणाची सगळी दारं बंद होती त्यांच्या बाजूनं उभं राहून. त्यातलं एक अक्षरही मी खोडणार नाही. तुमच्या लेकीला उत्तम इंग्रजी यावं असं मलाही वाटतं. शाळा बदलावी का, हे पत्रातून सांगणार नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात उभे राहा आणि शिक्षिका आपापसांत, मुलांशी कसं बोलतात ते ऐका. मुलांच्या प्रश्नांना उत्तरं मिळताहेत, की 'नो मराठी' म्हणून गप्प बसवलं जातंय? दुसरं असेल तर जवळची एखादी बरी सेमी इंग्रजी शाळा बघून ठेवा.

आता त्या कंसाकडे येते. "तो विषय वेगळा," असं तुम्ही लिहिलंत. माझ्या मते तुमच्या पत्रात करिअरचा विषय तेवढाच आहे.

2009 मध्ये पुण्यात जे झालं ते एका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत झालं. तो मुलगा आज पतसंस्थेत खातेवह्या सांभाळतो आणि संध्याकाळी पोरीला गाडीवर बसवून क्लासला नेतो. त्याचा अपमान तिच्या फीमधून फिटणार नाही. ती उद्या फाडफाड बोलली तरी त्या खोलीत तुम्हीच बसलेले असाल. कितीतरी बाप मी असे बघते. स्वतःचा पेपर मुलाच्या हातात देतात आणि बाहेर घड्याळ बघत उभे राहतात. तुमचा राग रास्त आहे, पण तो चुकीच्या पत्त्यावर पोचलाय.

म्हणून स्पोकन इंग्लिशचा क्लास तुम्ही लावा. थट्टा नाही. वय चाळिशीच्या आत आहे, पदवी आहे, आणि इंग्रजी का हवं हे तुम्हाला नेमकं ठाऊक आहे. पाचव्या वर्षी हे कुणालाच ठाऊक नसतं. चांगला शिक्षक मिळाला तर सहा महिन्यांत तुम्ही त्या एका प्रश्नाचं उत्तर न अडखळता द्याल. न मिळाला तर रोज रात्री पंधरा मिनिटं लेकीला घेऊन बसा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर कितीतरी चित्रगोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही, पैसे पडत नाहीत. आज मराठीत वाचा, उद्या तीच इंग्रजीत. उच्चार चुकले तर चुकू द्या. बापाला एखादा शब्द येत नाही, तो अडतो, हसतो आणि परत वाचतो, हे तिनं बघायला हवं.

आणि जी.डी.सी. अँड ए. सहकार खात्याची परीक्षा, सहा पेपर, साधारणपणे मे महिन्यात. तुम्ही रोज ज्या कामात आहात त्यातलाच अभ्यास. पास झालात तर लिपिकाच्या खुर्चीतून लेखापरीक्षणाकडे जायची वाट उघडते. दोनदा फॉर्म भरलात म्हणजे इच्छा आहे. वेळ कुठं जातो तेही तुम्हीच लिहिलंय. क्लास बंद झाला की रोजचा दीड तास आणि वर्षाचे 14 हजार रुपये मोकळे होतात. त्यातून पुस्तकं घ्या. तुम्ही संध्याकाळी अभ्यासाला बसाल तेव्हा लेक कुठं असेल, याची काळजी नको. ती आजीजवळ असेल.

आईंशी मात्र आजच बोला. माफी वगैरे मागायची गरज नाही, त्या अवघडतील. जेवताना एवढंच म्हणा, "आई, हिला चिऊ-काऊची गोष्ट सांग की." चिमणी दार उघडेपर्यंत लेक किती वेळा 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते' म्हणते ते मोजा, आणि मला कळवा. फॉर्म भरल्याचंही कळवा.