सुखाचा अभ्यास हे अर्थशास्त्र आहे का?

अर्थशास्त्रात एम.ए. करताय, माणसाच्या सुखावर संशोधन करायचंय, पण सर म्हणतात ‘हे मानसशास्त्र झालं’. मग काय करावं, असा तुमचा प्रश्न. मी पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. माझं उत्तर: जरूर करा, पण अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांच्या वाटेनं.

ईस्टरलिन (1926–2024) आधी इंजिनिअर झाले, मग 1953 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून अर्थशास्त्रात पीएच.डी. पुढची कित्येक वर्षं लोकसंख्या आणि आर्थिक इतिहासात गेली. सुखाकडे वळले तेव्हा पंचेचाळिशीला आले होते. लांब पल्ल्याचे आकडे वाचायची सवय मात्र मुरलेली होती, आणि तीच कामी आली. 1974 च्या निबंधात त्यांनी दाखवलं की एका वेळी बघितलं तर श्रीमंत गरिबांपेक्षा जास्त सुखी असल्याचं सांगतात. पण 1946 ते 1970 या काळात अमेरिकेचं उत्पन्न वाढत गेलं, तरी लोकांचं सुख त्यासोबत वाढलं नाही.

असं का, हे समजायला मी वर्गात विचारते: तुम्हाला 50 हजार आणि इतरांना 25 हजार, की तुम्हाला 1 लाख आणि इतरांना 2 लाख? वस्तूंचे भाव दोन्हीकडे सारखेच. दरवर्षी बरेच हात पहिल्या पर्यायाला वर होतात. पैशाचं माप आपण शेजाऱ्याकडे बघून ठरवतो. सगळ्यांचंच वाढलं की मापही वर सरकतं. तब्येतीचं तसं नाही, ती आपण आपल्याच कालच्या तब्येतीशी ताडून बघतो. म्हणून ईस्टरलिन सांगत राहिले की पैशामागचा थोडा वेळ काढून आरोग्याला आणि घरच्यांना द्या. मला हा त्यांच्या कामाचा गाभा वाटतो.

यावर वादही झाला. 2008 मध्ये स्टीव्हन्सन आणि वोल्फर्स या अर्थतज्ज्ञांनी जास्त देशांची आकडेवारी घेऊन ईस्टरलिन यांचा निष्कर्ष खोडायचा प्रयत्न केला. ईस्टरलिन यांचं म्हणणं: तेजी-मंदीत सुख उत्पन्नाबरोबर हलतंच, पण दहा-बारा वर्षांचा काळ घ्या, मग तो संबंध दिसत नाही. 2012 मध्ये त्यांनी चीनचं उदाहरण मांडलं. वीस वर्षांत दरडोई उत्पन्न निदान चौपट झालं. समाधान आधी घसरलं, मग थोडं सावरलं. घसरलं कशामुळे? सरकारी कारखान्यातली कायमची नोकरी आणि तिच्याबरोबरचा आधार गेला होता.

तेव्हा प्रबंधाला नुसतं ‘सुख’ घेऊ नका. नोकरी गेल्यावर समाधान किती घटतं आणि किती वर्षांनी सावरतं, असं काहीतरी धरा. संख्याशास्त्र पक्कं करा. आणि सरांना तो 1974 चा निबंध वाचायला द्या.