साखरेतला हिरवा सिग्नल खरा की खोटा?

प्रश्न: सर, मी सांगलीत एमएस्सी फिजिक्सला आहे. १०६४ नॅनोमीटरचा पल्स लेसर साखरेच्या पावडरवर टाकला की ५३२ नॅनोमीटरला हिरवा सिग्नल येतो, पण तो साखरेचा की लेसरमधूनच लीक होतोय, कसं ओळखायचं?

उत्तर: साखरेच्या स्फटिकाला सममितीचं केंद्र नसतं, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर सारखेच अणू असतात असा बिंदू नसतो, त्यामुळं दुप्पट फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा हिरवा उजेड तिच्यातून येतोच, आणि सांगलीत साखरेला काय तोटा! आता तिच्या जागी मीठ ठेवून बघा, मिठाला ते केंद्र असतं, म्हणून त्यातून असा उजेड यायला नको, तरी हिरवं तेवढंच दिसलं तर लेसरच गळतोय, मग सॅम्पलच्या आधी ५३२ अडवणारा फिल्टर लावा. नंतर पॉवर निम्मी करा, साखरेचा सिग्नल पॉवरच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून तो पाव व्हायला पाहिजे, नुसता निम्मा झाला तर गडबड आहे. गॉगल मात्र दोन्ही तरंगलांबीचा घाला हां, यात चालढकल नको.