बिशपला विचारायचं कुणी?

प्रश्न : नमस्कार ताई, मी पुण्यात कॅम्पात राहते. माझ्या भावाने आमच्या चर्चच्या मीटिंगमध्ये दोन-तीनदा हिशोब मागितला, तर बिशपसाहेबांनी त्याचं नावच सभासद यादीतून काढलं, पत्रात कारण म्हणून नुसतं ‘शिस्तभंग’. घरचे म्हणतात बिशप म्हणजे प्रेषितांचे वारस, त्यांना कोण विचारणार, गप्प बसा. पहिल्यापासून असंच होतं का हो?

उत्तर : नाही, अजिबात नव्हतं. ३२५ साली निकियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला बिशपांची परिषद भरली, ती आपल्याला क्रीडमुळे, म्हणजे चर्चमध्ये म्हणतो त्या श्रद्धेच्या कबुलीमुळे, माहितीये, पण तिचा पाचवा नियम भावाला जरूर वाचून दाखवा. एका बिशपने बहिष्कृत केलेल्याला दुसऱ्याने परस्पर आत घ्यायचं नाही, हे आधी येतं, आणि लगेच पुढे असंय की त्या माणसाला बिशपच्या कोत्या मनापायी किंवा भांडणापायी तर काढलं नाही ना हे तपासायचं, आणि त्यासाठी प्रांतातल्या सगळ्या बिशपांनी वर्षातून दोनदा एकत्र बसायचं, एकदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, आधी आणि एकदा शरद ऋतूत. बिशपसुद्धा रागाच्या भरात चुकतो हे खुद्द बिशपांनी लिहून दिलंय! मला तर ह्यात ते वेळापत्रकच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बैठक ठरलेली असली की काढलेल्या माणसाला कुणाच्या मर्जीची वाट बघावी लागत नाही.

आपल्याकडे सोसायटीची एजीएम टळत गेली की कारभार दोन-तीन माणसांच्या हातात जातो, तसंच तिथेही झालं. ४५१ साली कॅल्सेडनला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, भरलेल्या बिशपांच्या परिषदेने तक्रारच नोंदवलीय की प्रांतांमध्ये ह्या सभा होत नाहीयेत आणि त्यामुळे कामं अडून राहिलीत. आणि भावासाठी खास, ह्याच परिषदेचा २६ वा नियम : बिशप असलेल्या प्रत्येक चर्चमध्ये तिथल्याच धर्मगुरूंपैकी एक कारभारी नेमायचा, म्हणजे पैशाअडक्याचा कारभार साक्षीदाराशिवाय चालणार नाही, संपत्ती उधळली जाणार नाही आणि धर्मगुरुपदाला बट्टा लागणार नाही. मग हिशोब मागणं हा शिस्तभंग कसा काय होतो? ते तर चर्चचं नाव राखणं झालं.

आता एक खरं सांगते, ह्या परिषदांमध्ये निर्णय द्यायला बिशपच बसायचे, साध्या माणसाला तिथे मत नव्हतं, आणि परिषदही एखाद्याच्या मुठीत जायची. ४४९ ला इफिससच्या परिषदेत अलेक्झांड्रियाचा बिशप डायोस्कोरस ह्याने तेच केलं, कॉन्स्टॅन्टिनोपलचा बिशप फ्लेव्हियन ह्याला पदावरून काढायला लावलं. पण दोनच वर्षांनी कॅल्सेडनला दुसरी परिषद बसली आणि डायोस्कोरसचंच पद गेलं, म्हणजे पुढची बैठक होणं किती गरजेचं असतं बघा.

तुमचं चर्च कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीये. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं असेल तर तिथे सिनॉडमध्ये, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेत, बिशप आणि पाळकांबरोबर सामान्य सभासदही बसतात. कॅथलिक असाल तर १९८३ च्या धर्मनियमांप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांतात (बिशपच्या हद्दीत) आणि प्रत्येक पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) आर्थिक समिती असायलाच हवी, ती आहे का आणि तिच्यात कोण कोण आहे ते आधी विचारा. दोन्हीकडे भावाने लेखी पत्र द्यायचं, त्यात तीनच गोष्टी मागायच्या, शिस्तभंग नेमका कुठला, ह्या निर्णयावर अपील कुणाकडे करायचं, आणि त्यांची पुढची बैठक किती तारखेला आहे. पत्राची पोच मात्र सहीशिक्क्यासकट घ्या.