ट्रकला एलईडी लावण्याआधी

भावा, हेडलाइटचा उजेड कमी पडतो म्हणून एलईडी लावायचाय ना? कळंबोलीत कुणीही चहा पिऊन होईस्तोवर एलईडी बल्ब बसवून देईल. घाई करू नकोस. आधी इंजिन सुरू ठेव, दिवे लाव आणि थेट हेडलाइटच्या सॉकेटवर व्होल्ट मोजायचा मीटर धर. २४ व्होल्टच्या गाडीत तिथे २७च्या आसपास दिसायला हवेत. २३-२४च दिसले तर दोष बल्बचा नाही, बहुधा जुन्या वायरिंगचा नि गंजलेल्या अर्थिंगचा आहे. जाड वायर, रिले (दिव्याचा करंट बटणाऐवजी स्वतः पेलणारा स्विच), फ्यूज टाक, पिवळी पडलेली काच बदल. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

तरीही एलईडी हवाच, तर २४ व्होल्टला चालणारा घे. वॅटच्या आकड्याला भुलू नकोस. आपला रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेवरून बनवलेला असतो. एलईडीची उजेड देणारी चिप नेमकी तिथे आली नाही, तर उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ट्रकचे दिवे आधीच उंच. मुंब्रा बायपासवर समोरून येणाऱ्या बाइकवाल्याला क्षणभर काहीच दिसत नाही, आणि हे मला अजिबात सहन होत नाही.

बसवल्यावर रात्री भिंतीसमोर गाडी लावून लो बीम, म्हणजे खालचा झोत, बघ. वरची कड स्पष्ट कापलेली आणि दिव्याच्या मध्यापेक्षा खाली हवी. नुसताच पसरट उजेड दिसला तर बल्ब परत कर. माल भरल्यावर पुन्हा तपास, मागची बाजू दबली की बीम वर चढतो. आणि मूळ दिव्यातला असा फेरफार गाडीच्या फिटनेस तपासणीत अडू शकतो, तेव्हा पैसे मोजण्याआधी आरटीओत विचारून घे.