बालीत दोन आठवड्यांत बॅरल जमेल का?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात आणि मुळकीला सर्फिंग शिकलात, लाटेवर आडवं जाता येतं, आणि जुलैत दोन आठवडे बालीला चालला आहात. तेवढ्यात बॅरल, म्हणजे वळून पुढे पडणाऱ्या लाटेच्या पोकळीतून सर्फ करणं, जमेल का, आणि त्यासाठी पडांग पडांग या प्रसिद्ध लाटेजवळच राहावं का?

लाटेच्या छताखाली डोकं जाऊन क्षणभर आत राहणं, एवढं जमू शकतं. आत शिरून उभ्यानेच बाहेर येणं ही वरकमाई समजा. पडांग पडांगला मात्र राहू नका. ती डावीकडे फुटणारी लाट, उतार जवळजवळ उभा, खाली उथळ प्रवाळ आणि वर जाणकारांची गर्दी. तिथे शिकाऊ माणसाच्या वाट्याला लाट येतच नाही, आणि आली तर झेपत नाही.

आपल्याकडे बॅरल का शिकता येत नाही, ते आधी बघा. पश्चिम किनाऱ्याला समुद्राचा तळ लांबून हळूहळू वर येतो. लाटेचा जोर वाटेतच ओसरतो आणि ती माथ्यावरून फेसाळत ढासळते. बालीला येणाऱ्या लाटा हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडच्या वादळांतून निघालेल्या असतात. दोन लाटांमध्ये १६ सेकंदांचं अंतर असेल, तर खोल पाण्यात त्या लाटेची लांबी सुमारे ४०० मीटर भरते. एवढं पाणी अचानक उथळ खडकावर चढलं की खालचा भाग अडतो, माथा पुढे फेकला जातो आणि मधे पोकळी राहते.

माझा कौल बालीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केरामासला. लाट उजवीकडे फुटते, त्यामुळे डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला ती समोर दिसते. हलकीही नाही बरं का, २०१८ आणि २०१९ साली जागतिक स्पर्धा तिथे झाल्या आहेत. लहान सेट (एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांचा गट) असलेले दिवस निवडा, अर्धी भरती झाल्यावर उतरा. जुलैत आग्नेयेचा वारा तिथली लाट बिघडवतो, म्हणून उजाडताच पाण्यात हवं. तिथी बघून जाल तर उत्तम: पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओहोटीत खडक फार उघडा पडतो, अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढतं-उतरतं आणि सोयीची वेळ जास्त टिकते.

आता खरी अडचण. आपण सगळे वेग वाढवायला शिकलेले असतो, कारण आपल्या लाटांत तोच कमी पडतो. बॅरलमध्ये उलट, लाटेच्या पुढे पळून गेलात की संपलं. मीही आधी पळायचेच, आणि मागे वळून बघितलं की रिकामी पोकळी फुटताना दिसायची. खाली फार खोल वळण घेऊ नका, लाटेच्या मध्यावर रेघ धरा. मागचा हात लाटेच्या भिंतीत घाला, वजन मागच्या पायावर टाका, फळी मंदावते. माथा डोक्यावरून पुढे गेला की लगेच वजन पुढच्या पायावर. गुडघ्यांतून बसा, कमरेतून वाकू नका. आणि नजर बाहेरच्या तोंडावर. वर छताकडे बघण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तिथेच तोल जातो. लाट पाठीमागे असेल, तर मागच्या हाताने फळीची बाहेरची कड पकडून बसावं लागतं. पहिल्या फेरीत त्याच्या नादी लागू नका.

पडाल, आणि बरेचदा पडाल. डोक्यावर सूर मारायचा नाही, पाय खाली टेकवायचे नाहीत. अंग पसरून पडायचं आणि डोक्यावर दोन्ही हात घेऊनच वर यायचं. मी हेल्मेट घालते, कोण काय म्हणतं ते बघत नाही. जखमेत प्रवाळाचे कण राहिले की ती पिकते, म्हणून त्याच दिवशी साबण-पाण्याने घासून धुवा. तिकडची पोरं लिंबू चोळतात. झोंबतं भयंकर, पण त्याने साबण टळत नाही.

लाट फुटायला सुरुवात होते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. सुरुवातीचे दिवस कडेला बसून सुटलेल्या लाटा घ्या. तोंडओळख झाली की स्थानिक लोक स्वतःहून ‘जा’ म्हणतात. वारा सुटल्यावर दुपारी बालीच्या नैऋत्य टोकाच्या उलुवाटूला जा. तिथे तोच वारा जमिनीकडून येतो, म्हणून लाट साफ असते. ओहोटीच्या वेळी कड्यावरच्या एखाद्या वारुंगमध्ये (छोट्या खाणावळीत) बसून उलुवाटूच्या लाटेचा रेसट्रॅक्स नावाचा भाग बघा. आत शिरणारे नेमके कुठे मंदावतात, ते वरून स्पष्ट कळतं.